ओ न देणारा तारी

ही गोष्ट ऐकली तशीच आठवते आहे, की सांगता सांगता तिच्यात भर पडत गेली, याची खात्री देता येत नाही. साल तर मुळीच आठवत नाही. खाजणवाडीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, एवढं नक्की.

खाडी ओलांडायची ती धाकू ताऱ्याच्या होडीतून. पैलतीरावरून कुणी हाक मारली की आधी ओ द्यायची, मगच वल्ह्याला हात लावायचा, अशी तिथली रीत. धाकूची ओ सात गावांत ऐकू जाई, असं म्हणतात. ती ऐकली की पलीकडचा माणूस निर्धास्त होऊन खाली बसे.

एका वर्षी धाकूची ओ थांबली. हाका येत राहत आणि तो अंगणात गुडघे पोटाशी घेऊन बसून राही. पुढ्यातलं जेवण निवून जाई. गावाला वाटलं, ताऱ्याचे कान गेले. मग कुणी कानांत कोमट तेल घातलं, कुणी कानाशी ताशा बडवला. गुंडू भगताने बाहेरचं आहे म्हणून कोंबडं उतरवलं. पलीकडे खोळंबलेली माणसं म्हणत, मेल्याला आळस चढलाय, बायकोच्या जिवावर बसून खातोय. धाकू सगळं ऐकत होता. कान तेलाने भरले होते तेव्हाही ऐकत होता.

एका सकाळी त्याची बायको तानी पाणी घेऊन येत होती, तर तो होडीपाशी बसलेला आणि नांगराचा दगड मांडीवर घेतलेला. तिने घागर खाली ठेवली आणि शेजारी बसली. तेव्हा तो बोलला.

“ऐकू येतं गं. सगळं येतं. ओ द्यायला जीवच वर येत नाही. आता एक पाण्याचीच हाक तेवढी बरी वाटते.”

तानीने दगड उचलून आपल्याकडे घेतला. “हे माझ्याच्यानं बरं व्हायचं नाही,” ती म्हणाली. “भगताच्यानंही नाही. पलीकडे बंदरात डॉक्टर आहेत, तिथं जाऊ.”

“वेड्यांच्या दवाखान्यात?”

“असेना. मी बसते ना सोबत.”

बाईने वल्ह्याला हात लावला तर होडी बाटते, असं तिथे मानत. तानीने वल्हं घेतलं. भर ओहोटी होती, पण खाडी घटकाभर जागच्या जागी थांबून राहिली आणि काठावरून शिव्या देणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली, असं म्हणतात.

डॉक्टरांनी सांगितलं, हा आळस नाही आणि बाधाही नाही. अंगाला ताप येतो, तसा हा मनाचा आजार आहे. औषध घ्यायचं, मनातलं बोलायचं, एकटं राहायचं नाही. वेळ लागेल. वेळ फार लागला. पावसाळा गेला, भातं कापून झाली, आणि एका दुपारी पलीकडून हाक आली तेव्हा धाकूने ओ दिली. ती इतकी बारीक होती की फक्त तानीला ऐकू आली. गावात मात्र सांगतात, त्या ओने खाडीवरचे सगळे बगळे एकदम उडाले.

आता पूल आहे. तरी खाजणवाडीत कुणी गप्प गप्प झालं, जेवेनासं झालं, तर त्याला दारातून हाक मारत नाहीत. आत जाऊन शेजारी बसतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्याबरोबर दवाखान्यात जातं. त्याला धाकूची सोबत म्हणतात.

गोष्टीतला धाकू त्या एकाच खेपेत कायमचा बरा होतो. पुष्कळ वर्षांनी त्या दवाखान्याच्या जुन्या वह्या पाहायला मिळाल्या, तेव्हा कळलं, की अठरा वर्षांत तो एकूण चार वेळा तिथे आला होता. तीनदा ‘सोबत कोण’ या रकान्यात तानीचं नाव आहे. चौथ्या वेळी तानी जाऊन वर्ष झालं होतं. तिथे लिहिलं आहे, ‘स्वतः आला’.