छपरावरची शिरगणती

“मनोरा पाडायचा म्हणजे पाडायचा!” कर्दळगडचे महाराज धैर्यशीलराव गरजले.

टेकडीवरच्या त्या लोखंडी मनोऱ्यामुळे अख्ख्या गावात टीव्ही दिसायचा, तोही फुकट. मागच्या वर्षी मनोरा डिजिटल झाला, तेव्हा गोरगरिबांनी जुन्या अँटेनालाच नवा डबा जोडून घेतला होता. पण दिवाण नारोपंतांनी महाराजांचे कान भरले, की आता घरोघरी डिशची छत्री आली, मनोऱ्याकडे कुत्रंही बघत नाही. त्या लोखंडात हत्तीखान्याला झकास दरवाजा होईल. महाराजांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघायचं नाही.

मनोऱ्याचा राखणदार केरबा मान खाली घालून उभा राहिला. बोलली ती त्याची मुलगी सगुणा. तिच्या आईचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले होते. खाटेवरच्या त्या बाईला जग भेटायचं ते टीव्हीतच: बातम्या, कीर्तन आणि रविवारचा मराठी चित्रपट. मनोरा गेला तर आईने दिवसभर आढ्याकडे बघत पडायचं, या विचाराने सगुणाला भीती वाटायच्या ऐवजी रागच आला होता.

“महाराज, निम्मं गाव या मनोऱ्यावर टीव्ही बघतं.”

“कशावरून?”

“छपरं बघा. अँटेना दिसतील.”

नारोपंत खोकल्यासारखं हसले. “सरकार, त्या नुसत्या उरल्यात. कुणी त्यांवर लुगडी वाळत घालतं, काहींवर कावळे बसतात. अँटेना आहे म्हणून टीव्ही चालतो असं थोडंच आहे?”

महाराजांना ते पटलं. शिवाय अवघड अटी घालायची त्यांना हौस दांडगी. “पोरी, परवा रविवार. माझ्या गच्चीवर उभी राहून मोजून दाखव, मनोऱ्यावर टीव्ही बघणारी घरं किती ते. कुणाच्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, दवंडी नाही, निरोप नाही. जमलं तर मनोरा राहील. नाहीतर सोमवारी लोहार येतील.”

सगुणाने जरा विचार केला. “मनोऱ्याला हात लावलेला चालेल?”

“लाव की. सोमवारी तो पाडायचाच आहे.”

रविवारी चारला चित्रपट सुरू झाला. गच्चीवर महाराज खुर्चीत बसले, कारकून वही उघडून बसला. पहिला तास काहीच घडलं नाही. नारोपंतांनी तीन जांभया दिल्या. सगुणाने हा चित्रपट दोनदा पाहिला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी, भर लग्नात, खरा नवरदेव मांडवात शिरतो हे तिला पाठ होतं. बरोबर त्या वेळी तिने टेकडीच्या दिशेने लाल फडकं हलवलं आणि तिकडे केरबाने मनोऱ्याचा खटका बंद केला.

क्षणभर सगळं गप्प. मग एक दार वाजलं, मग दहा वाजली. लुंगी सावरत, पदर खोचत, चहा सांडत माणसं शिड्या चढून छपरांवर आली आणि अँटेना फिरवायला लागली.

“आलं का?”

“नाही गं!”

“आता?”

“अजून जरा डावीकडे!”

डिजिटल झाल्यापासून पडद्यावरच्या मुंग्या गेल्या होत्या. चित्र आता एक तर लख्ख दिसायचं, नाहीतर दिसायचंच नाही. पण चाळीस वर्षांची सवय अशी जाते होय? चित्र गेलं की पाय आपोआप छपराकडे. छत्रीवाल्यांच्या घरचं मात्र कुणी खिडकीतही आलं नाही.

“मोजा, कारकूनकाका,” सगुणा म्हणाली. “आणि महाराज, तुमच्या मुदपाकखान्यावर कोण आहे, तेही बघा.”

महाराज उठून कठड्याशी गेले. मुदपाकखान्याच्या कौलांवर त्यांचा आचारी अँटेनाला मिठी मारून उभा होता आणि खालून प्रत्यक्ष मातोश्री ओरडत होत्या, “अरे मेल्या, फिरव लवकर! तिकडे लग्न लागून जाईल!”

नारोपंतांनी घाम पुसला. “सरकार, लोक वारा खायला चढले असतील.”

सगुणाने हिरवं फडकं हलवलं. चित्र परतलं. गावभर “आलं, आलं” झालं आणि बघता बघता सगळी छपरं रिकामी.

“वारा तर अजून आहे, दिवाणसाहेब,” सगुणा म्हणाली.

महाराजांना हसू आवरेना. “किती घरं झाली रे?” त्यांनी कारकुनाला विचारलं.

“चारशे सोळा, सरकार.”

“चारशे सतरा लिहा,” सगुणा म्हणाली. “एका घरचं कुणी चढलं नाही.”

“का?”

“बाप मनोऱ्यावर, मुलगी तुमच्यासमोर आणि आईला उठता येत नाही. ती मघाशी काळ्या पडद्याकडे बघत एकटीच म्हणाली असेल, आलं का?”

महाराजांनी कारकुनाच्या हातातली लेखणी घेऊन स्वतः चारशे सतरा लिहिलं. “नारोपंत, तुमच्या सगळ्या दफ्तराला जमलं नसतं ते या पोरीने दोन फडक्यांत केलं!” आणि ते पोट धरून हसले.

मनोरा राहिला. केरबाचा पगार दुप्पट झाला. सगुणाच्या आईच्या खाटेसमोर त्याच आठवड्यात भिंतभर टीव्ही लागला, आणि त्याची अँटेना लावायला महाराजांच्या हुकमाने छपरावर चढले ते नारोपंत.