घोंगडीखालची हिरवी अक्षरं

‘मग त्या शब्दांचं काय?’ सेवंतीनं विचारलं.

अप्पामहाराज डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले नाहीत.

‘जे जन्माला आलं ते जाणार,’ ते म्हणाले. ‘संगणकाच्या पडद्याची पिक्चर ट्यूब मेली आहे. शब्दही जातील. धरून बसू नकोस.’

मंडपात बसलेल्यांनी माना डोलावल्या.

‘मागचं झाकण काढून पाहिलंत तुम्ही?’

...

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या आश्रमात असा प्रश्न महाराजांना कुणी विचारत नसे. भगवी वस्त्रं घेण्याआधी ते हवाई दलात रडार दुरुस्त करत. त्यामुळे देहाबद्दल असो की यंत्राबद्दल, त्यांचा शब्द शेवटचा.

आश्रमात एक जुना संगणक होता. त्याचा टर्मिनल म्हणजे काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटवणारा जाडजूड पडदा, आणि त्याला जोडलेला कीबोर्ड. आधीच्या पिढीतले गुलाबदासबाबा पाड्यापाड्यांवर फिरून म्हाताऱ्या माणसांकडून पावरी बोलीतले शब्द गोळा करत आणि परत आले की त्यात टाइप करून ठेवत. बाबा गेले. त्यांना शब्द सांगणारी माणसंही बहुतेक गेली. सेवंती पावराची आजी त्यांतलीच एक.

आता पडदा इतका अंधुक झाला होता की भर दिवसा काचेत फक्त आपलाच चेहरा दिसे. शब्द दुसरीकडे उतरवून घ्यायचे, तर आधी या पडद्यावर दिसायला हवे होते. आणि त्या जातीचा दुसरा पडदा शोधूनही मिळाला नव्हता.

सेवंती नंदुरबारहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आश्रमात राहायला आली होती. हुशार होती आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. खाली मान घालून ऐकणं तिला जमत नसे.

महाराजांनी डोळे उघडले. आयुष्यभर असले पडदे पाहिलेत, ते म्हणाले. ट्यूब मरायला टेकली की तिचा उजेडच सांगतो, झाकण काढावं लागत नाही. मग व्यवस्थापक काशिनाथभाऊंना त्यांनी सांगितलं, की बाजाराच्या दिवशी भंगारवाला येतो, त्याला ते धूड देऊन टाका.

‘मी देणार नाही,’ सेवंती म्हणाली.

ती उठली आणि नमस्कार न करता निघून गेली.

काशिनाथभाऊ तिच्या मागोमाग गेले. माणूस वाईट नव्हता. गुरुवचन मोडणाऱ्याचं भलं झालेलं आपण पाहिलं नाही, असं ते तिला समजावू लागले. तिनं संगणकाच्या खोलीची किल्ली मागितली. त्यांनी कमरेचा जुडगा मुठीत धरला. तेव्हा ती म्हणाली, किल्ली नसेल तर कुलूप फोडते, कुलपाचं पाप वेगळं मोजा.

त्यांनी किल्ली दिली.

तिनं टर्मिनल सुरू केला, एक काळी घोंगडी त्याच्यावर टाकली आणि स्वतःचं डोकं आत घातलं.

आत उकडत होतं. लोकरीचा वास नाकात शिरत होता. थोड्या वेळानं डोळे सरावले आणि अक्षरं दिसू लागली. फिकट, पण रेखीव. कडा कुठंही फुटलेल्या नव्हत्या.



ट्यूब झिजली की अक्षरं पसरतात, राख फुंकल्यासारखी दिसतात. ही तशी नव्हती. ही नीट उभी होती, फक्त अंगात त्राण नव्हतं.

‘म्हातारी झालेली नाहीस तू,’ ती घोंगडीत पुटपुटली. ‘उपाशी आहेस.’

तिनं झाकण काढलं. आतल्या बाजूला कुणीतरी पूर्वी डकवलेला नकाशा होता, कुठल्या पिनेवर किती व्होल्टेज हवं ते सांगणारा. एक हात पाठीमागे धरून, दुसऱ्या हातानं ती एकेक जागा मीटरनं तपासत गेली. असल्या पेटीत चुकून हात लागला तर माणूस भिंतीवर फेकला जातो, हे तिला शिकवलेलं होतं. ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरला पुरेसं मिळत होतं. पण उजेड पुढं खेचून आणणारं जे व्होल्टेज लागतं, ते नकाशातल्या आकड्याच्या निम्मंसुद्धा भरेना.

तिनं वीज बंद केली, ट्यूबमध्ये साठलेली वीज जमिनीत उतरवली आणि त्या वाटेवरचा प्रत्येक भाग मोजला. शेवटी एक रेझिस्टर सापडला, वीज मापानं अडवणारा छोटा भाग. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. बाहेरून धडधाकट, पण वर्षानुवर्षं तापून आतून पार बिघडलेला. जेवढं अडवायचं त्याच्या कितीतरी पट अडवत होता.

तसा रेझिस्टर तिच्याजवळ नव्हता. तिनं दोन छोटे एकमेकांना जोडून त्याची बरोबरी केली आणि सोल्डरिंगचे डाग दिले.

या वेळी घोंगडी लागली नाही.

खिडकीतून ऊन येत होतं, तरी हिरवी अक्षरं लख्ख दिसत होती. ती एकेक पान सरकवत गेली. सासरी गेलेली मुलगी पहिल्यांदा माहेरी येते, त्या दिवसाला तिची आजी एक शब्द वापरायची. सेवंती तो पार विसरून गेली होती. तो तिथं होता. पुढं आजीचं नाव होतं.

तिनं तो मोठ्यानं म्हणून पाहिला. 

संध्याकाळी मंडप भरला होता. सेवंती सरळ पुढं गेली आणि तो बिघडलेला रेझिस्टर तिनं महाराजांच्या आसनासमोर ठेवला.

‘ट्यूब जिवंत आहे,’ ती म्हणाली. ‘तुमचं ऐकलं असतं, तर आज माझी आजी दुसऱ्यांदा मेली असती.’



मग काशिनाथभाऊंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. त्यांनी हात जोडले. महाराजांनी हिची परीक्षा घेतली, ते सर्वांना सांगू लागले. शिष्येची जिद्द किती आहे ते पाहण्यासाठीच ते तसं बोलले. मंडपभर सुटकेचा सुस्कारा उमटला. मागून कुणी जयजयकारही केला.

सेवंती गोंधळली. तसं असतं तर सोपं झालं असतं. तिला रागही सोडून देता आला असता.

‘परीक्षा होती?’ तिनं विचारलं.

अप्पामहाराज आसनावरून खाली उतरले. गुडघ्यांवर हात टेकत जमिनीवर तिच्यासमोर बसले. रेझिस्टर उचलून त्यांनी तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी चुकलो. उठून तिथवर जाण्याचा कंटाळा आला होता... तो मी वैराग्य म्हणून सांगितला.’

‘महाराज, हा तर आपला विनय...’ काशिनाथभाऊ म्हणाले.

‘काशिनाथ, माझी चूक माझ्यापाशी राहू दे. तिला हार घालू नकोस.’

सेवंतीचे डोळे भरून आले. ती पाया पडायला वाकली. महाराजांनी पाय मागे घेतले.

काशिनाथभाऊ मात्र फार अस्वस्थ झाले होते. सारी हयात त्यांनी या माणसाच्या शब्दावर काढली होती. महाराजच चुकू लागले, तर आम्ही काय खरं मानायचं, असं त्यांनी विचारलं. आवाजात भक्ती कमी आणि भीती जास्त होती.

काशिनाथभाऊही जमिनीवर महाराजांसमोर बसले. 

‘कुणाला विचारायचं आम्ही, महाराज?’

‘सेवंतीला विचारा,’ अप्पामहाराज म्हणाले. ‘ती माझं ऐकत नाही.’