भिंतीपलीकडचा घेवडा

नदीवर पूल नव्हता, घरांना कुलपं नव्हती आणि निरोप द्यायचा तर माणसं अंगणातूनच हाक मारत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच.

एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला शांत, धाकटा तापट. आईवडील नव्हते. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, घर सांभाळायची.

घरामागे थोरल्याची परसबाग होती. पावसाळ्यात तिथे भेंडी आणि दोडका, थंडीत वांगी, मेथी, मुळा. मोसम बदलला की ताटातली भाजी बदलायची. मागच्या भिंतीशी मांडव होता आणि त्यावर दर वर्षी घेवडा चढायचा.

एका वर्षी पाऊस लागताच थोरल्याने घेवड्याचं बी टोकलं. वेल मांडवावर पसरला आणि थोरल्याला ताप भरला. त्या तापातून तो उठलाच नाही.

बाळांनो, घरातलं माणूस गेलं की ते एकदम जात नाही. त्याचं धोतर दोरीवर असतं. त्याचं खुरपं कोपऱ्यात असतं, त्याला माती तशीच असते. धाकट्याला वाटायचं, आत्ता दादा मागच्या दाराने येईल आणि म्हणेल, "पाय धुवायला पाणी दे रे." दादा आला नाही. त्याचा घेवडा मात्र वाढत राहिला.

थंडी पडली आणि मांडव शेंगांनी भरला. वहिनी परडी घेऊन मागे गेली. धाकटा धावत आला आणि त्याने परडी हिसकावून घेतली.

"हात लावायचा नाही! दादाने लावलाय हा."

"भाऊजी, खायलाच लावला होता त्यांनी."

"यातली एक शेंग जरी तुटली, तरी मी या घरात जेवणार नाही!"

वहिनीने त्याच्या हातातून रिकामी परडी परत घेतली आणि नेऊन खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं. दादाचं नाव तर कुणीच घेत नव्हतं.

धाकटा वेलाची राखण करू लागला. पोपट हाकलायचा, खारीवर खडे फेकायचा. शेंगा कोवळ्या होत्या त्या निबर झाल्या, निबर होत्या त्या वाळल्या. वारा आला की आतलं बी खुळखुळायचं. मग फुलं येणं थांबलं. पानं पिवळी पडून गळू लागली.

धाकटा घाबरला. त्याने जास्त पाणी घातलं. शेणखत आणून टाकलं. कीड शोधली, ती सापडली नाही. शेवटी तो वेलाच्या बुडाशी बसला आणि म्हणाला, "तू तरी जाऊ नकोस."

वेल पिवळाच पडत गेला.

एका सकाळी शेंडा तरी जिवंत आहे का, हे पाहायला तो मांडवावर चढला. वर चढताच त्याला भिंतीपलीकडचं दिसलं. वेलाची एक फांदी भिंत ओलांडून शेजारच्या अंगणात उतरली होती. ती हिरवीगार होती. तिच्यावर जांभळ्या फुलांचे तुरे होते, मधमाश्या होत्या. आणि शेजारची म्हातारी तिथे उभी राहून ओच्यात शेंगा तोडत होती!

धाकटा विळा घेऊन सरळ भिंतीवरून पलीकडे उडी मारून उतरला.

"मावशी, चोरी करता? माझ्या दादाच्या वेलाची?"

म्हातारीने मान वळवूनही पाहिलं नाही. "आधी माझ्या मुळ्यांवरचा पाय काढ. मग ओरड."

धाकट्याने खाली पाहिलं. तो वाफ्यातच उभा होता. त्याने पाय काढला, पण राग गेला नाही.

"भिंत ओलांडून वेल ज्याच्या अंगणात उतरतो, त्या शेंगा त्याच्या," म्हातारी म्हणाली. "गावाची रीतच आहे ती. आणि हा शेंडा तुझ्या दादानेच इकडे वळवला. म्हणाला, 'मावशी, तुम्हाला वाकवत नाही, उभ्याने तोडा.'"

"आणि तुम्ही रोज तोडता?"

"रोज तोडते. निम्म्या तुझ्या वहिनीला देते. काल तू दोनदा भाजी मागून घेतलीस म्हणे."

धाकट्याच्या हातातला विळा खाली आला. त्याला वाटत होतं, भाजी बाजारातली आहे.

"मी दादाचा घेवडा खाल्ला?"

"खाल्लास, वर ढेकरही दिलास. इथपर्यंत ऐकू आला."

धाकट्याने भिंतीकडे पाहिलं. मूळ एकच, पाणी एकच. इकडे फुलं होती आणि तिकडे खुळखुळा.

"मग माझ्या बाजूचा का वाळला, मावशी? मी तर जिवापाड जपला."

म्हातारीचा आवाज जरा मऊ झाला. "अरे लेकरा, बी पिकलं की वेलाला वाटतं, झालं आपलं काम. शेंगा तोडत राहिलं की त्याला वाटतं, अजून कुणीतरी जेवायचं राहिलंय."

"म्हणजे मीच मारला त्याला?"

"मेला नाही अजून. इथे रडत उभा राहिलास तर मरेल. जा, तोड. आणि आता तरी दाराने जा रे बाबा, मुळे आहेत!"

धाकटा धावतच घरी आला. "वहिनी, परडी आणा! दोन आणा!"

दोघांनी मिळून सगळा मांडव रिकामा केला. मग ओसरीवर बसून दोघं वाळल्या शेंगा सोलू लागली. सोलता सोलता वहिनीच म्हणाली, "त्यांना कोवळ्याच आवडायच्या."

"आणि निबर सगळ्या माझ्या ताटात ढकलायचा!" धाकटा म्हणाला.

दोघं एकदम हसली. आपल्याला हसू येतंय हे कळून दोघंही दचकली आणि मग रडली. कितीतरी दिवसांनी दोघांना मोकळा श्वास घेता आला.

काही दिवसांनी पानांच्या बेचक्यांतून हिरवे कोंब डोकावले. पुढे तुरे आले, तुऱ्यांना शेंगा आल्या. धाकटा त्या स्वतः तोडायचा आणि जो दारावरून जाईल त्याच्या हातात मूठभर द्यायचा. "माझ्या दादाचा घेवडा आहे," असं सांगायचा. आता ते नाव घेताना तो अडखळत नव्हता.

ऊन तापलं तसा वेल सुकला, कारण वेलाचं आयुष्यच तेवढं असतं. धाकट्याने तो आपल्या हाताने मांडवावरून उतरवला. डोळे भरून आले, पण त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

म्हणून सांगतो: गेलेल्या माणसाची माया राखत बसलं तर ती वाळते, वाटून देत राहिलं तर तिला पुन्हा फूल येतं.