चिंचदऱ्याचा बाजार गप्प झाला तो रविवार

डोंगराच्या पायथ्याशी चिंचदरा नावाचे गाव आहे. त्या गावी खेमाजी महाराजांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली. महाराज जातीने धनगर. अंगावर घोंगडी, हातात काठी आणि मुक्काम बाजाराच्या मैदानातल्या दगडी ओट्यावर. लोक मला नेहमी विचारतात, एवढे मोठे साधुपुरुष, मग बाजाराच्या गलक्यात कशाला बसले? एखादी गुहा बघायची होती. आता याला मी काय उत्तर देणार? महाराजांनाच कोणी हे विचारले असते तर पाठीत काठी बसली असती. महाराज तापट होते, हे आधीच सांगून ठेवतो. संत म्हटला की त्याने मंद हसत डोळे मिटून बसावे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही कथा ऐकूच नये.

त्या मैदानाला लागून मिशनचे कौलारू घर होते. मिशनच्या मोठ्या पाद्रीसाहेबांनी ती जागा पाहिली मंगळवारी. मैदानात चिटपाखरू नव्हते. वारा वाहत होता, चिंचा डुलत होत्या. प्रार्थनेला इतकी शांत जागा सगळ्या तालुक्यात मिळायची नाही, असे म्हणून त्यांनी लगेच व्यवहार केला. चिंचदऱ्याचा बाजार कधी भरतो, एवढे एका माणसाला विचारायचे होते. नाही विचारले. बाजार भरायचा रविवारी.

आणि त्या घरात राहायला पाठवला कोण, तर स्कॉटलंडहून नुकताच आलेला अँड्र्यू नावाचा तरुण. वय तेवीस-चोवीस, मिसरूड जेमतेम फुटलेले. गाव त्याला इंद्रूसाहेब म्हणे. थोडीफार डॉक्टरी शिकून आला होता, मनाने अगदी निर्मळ. पण त्याच्या मुलखात रविवार म्हणजे देवाचा दिवस. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, बूट पुसायचे तेही आदल्या दिवशी. निघताना आईने त्याच्याकडून वचन घेतले होते की परदेशातही रविवार मोडणार नाही.

बिचाऱ्याचे दिवस कसे जात होते, काय सांगू! सकाळी दात घासायला बाहेर आला की कुंपणावर पोरांची रांग. साहेब तोंडाला फेस आणतो, हे बघायला शेजारच्या गावाहून पाहुणे यायचे. दूधवाला दुधात पाणी घालायचा आणि पुन्हा वरून शपथ घ्यायचा. स्वयंपाकाला मार्थाबाई होत्या, नगरकडच्या, ख्रिस्तीच. त्यांना त्याने हजारदा सांगितले की लापशीत मिरची घालू नका. त्या म्हणायच्या, "साहेब, मिरचीवाचून पोटात अन्न टिकत नाही," आणि घालायच्या. जेवायला बसला की तो डोळे मिटून देवाचे आभार मानी. घरच्या एकेका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करायचा, तोवर ताटातली भाकरी मांजर घेऊन जाई. तरी तो हसून दुसरी मागून घ्यायचा. आजाऱ्याला मात्र कधी नाही म्हटले नाही, सोमवार ते शनिवार.

रविवारी दार बंद.

म्हणजे ज्या एका दिवशी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची माणसे खाली उतरायची, त्याच दिवशी दवाखान्याला कडी. आत हा बसून प्रार्थना म्हणतोय, बाहेर शेळ्या ओरडतायत, कल्हईवाला भांडी ठोकतोय, बांगडीवाल्या भांडतायत. शेवटी कानात कापूस घालून पाहिला, तरी भागेना. मग त्याने काय करावे? उठला आणि थेट रावजी इनामदारांच्या वाड्यावर गेला. म्हणाला, "माझी नम्र विनंती आहे की आपण हा बाजार सोमवारी भरवावा."

इनामदार लोडावरून पडायचेच राहिले. गावात त्यांचा शब्द चाले आणि त्याचा त्यांना मोठा ताठा. म्हणाले, "साहेब, तुमचा देव आठवड्यातून एक दिवस झोपणार, म्हणून माझ्या गावानं पाटे-वरवंटे सोमवारी विकायचे होय?" तेवढ्यावर भागले नाही. दर शनिवारी सांजेला हलगीवाला गावभर दवंडी देऊ लागला, "ऐका हो ऐका, उद्या साहेबाचा देव झोपणार, कोणी आजारी पडू नये हो!" सगळे गाव हसे. साहेब खाली मान घालून दिवा पुसत बसे. त्याला राग येत नसेल का? येत असणारच.

अशात पावसाळा सरला आणि हिवताप सुरू झाला. एका रविवारी बुधी नावाची ठाकरीण डोंगरातून आली. नवरा नाही, मोळ्या विकून पोट भरणारी. पाठीला तिची चार-पाच वर्षांची सोमी बांधलेली, अंग नुसते फणफणलेले. बुधीने दार वाजवले. साहेबाने खिडकीतून पाहिले, पोरीचा लाल झालेला चेहरा पाहिला. त्याचा जीव तुटला, हे खरे आहे, मी खोटे सांगणार नाही. पण तो म्हणाला, "आज नाही, बाई. उद्या सकाळी अवश्य या."

बुधीने पाठीची झोळी सावरली आणि ती निघून गेली. ओट्यावरून महाराज हे सगळे बघत होते.

सोमवारी पहाटेपासून साहेब औषध काढून वाट पाहत बसला. कोणी आले नाही. दुपारी तो ओट्यापाशी आला आणि विचारले, "महाराज, काल आलेली स्त्री कुठे असेल?"

महाराज भडकले. "डोंगरात असंल, नाही तर कुठं! तिला काय घोडागाडी आहे? काल मोळी विकली तेव्हा मीठ मिळालं. आज ती लाकडं तोडंल का तुझ्या दारात येऊन बसंल?"

"मी तिला उद्या या म्हणालो होतो."

"म्हणालास! मोठं काम केलंस! बरं, मला एक सांग. तुझा देव रविवारी जागा असतो का झोपतो?"

"जागा असतो, महाराज."

"मग कडी कोण लावतं, तो का तू?"

साहेब आईला दिलेल्या वचनाचे सांगू लागला, तेव्हा महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे पोरा, ती आई आहे ना? मग दारातलं तापलेलं पोर परत धाडल्यावर ती तुला शाबासकी देणार आहे का? जा, डोकं नको खाऊ माझं."

तो गेला, पण त्याला अन्न गोड लागेना. मंगळवारी औषधाची पेटी घेऊन डोंगर चढला. पण शोधणार कसे? तिचे नावच विचारले नव्हते. ज्या वाडीत शिरावे तिथली माणसे लस टोचणारा आला म्हणून पोरेबाळे घेऊन रानात पळायची. दोन-तीन दिवस असाच फिरला आणि पायाला फोड घेऊन परत आला. इनामदारांनी पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "काय साहेब, देव हरवला की काय डोंगरात?"

पुढच्या रविवारी मार्थाबाई उठून पाहतात तो साहेबाने स्वतःच कडी काढलेली. ओसरीवर पेटी मांडून, गळ्यात छाती तपासायची नळी अडकवून बसला होता. चेहरा पांढराफटक. आईचे वचन मोडून बसायचे, म्हणजे त्याच्या मनाला काय झाले असेल ते त्याचे त्याला ठाऊक. बाजार भरला. इनामदार दोन माणसे मागे घेऊन फेरी मारायला आले आणि ओसरीपुढे थांबले. "अरे वा! आज देवाची झोपमोड केलीत? मग सोमवारी झोपणार का ते?" लोक हसले.

एवढ्यात गर्दीतून बुधी आली.

या खेपेला तिने दार वाजवले नाही. पाठीची झोळी सोडली आणि पोर ओसरीवर ठेवली. सोमीचे अंग गार पडले होते, मान एका बाजूला कललेली, ओठ काळवंडलेले. भाजीवाल्या बायकांनी वाकून पाहिले आणि तोंडाला पदर लावला. एकजण म्हणाली, "गेली गं बाई."

बुधी म्हणाली, "वाटंत पानी पाजलं तवा गिळलं हुतं. सायबा, बघ की."

साहेब गुडघ्यांवर बसला. नाडी लागेना. नळी छातीला लावली, डोळे मिटले. काय ऐकू येणार, कपाळ? शेळ्या, बैलांच्या घुंगुरमाळा, कल्हईवाल्याची ठोकठोक, कोंबड्या, बांगडीवाल्या, हलगी! पोरीच्या छातीत काही असलेच तर त्या गलक्यात ते बुडून गेले होते. आत न्यायला म्हणून तिला उचलू गेला, तर मान अशी लोंबकळली की हलवायचीही भीती वाटली. जीव असेल तर टोचायचे औषध जपून, मोजून द्यायला हवे. नसेल तर आईला तसे सांगायला हवे. तो उठून कळवळून ओरडला, "कृपा करून क्षणभर शांत राहावे! मला ऐकू येत नाही!"

त्याचे ते पुस्तकी मराठी ऐकून कोणीतरी फिसकन हसले. इनामदार म्हणाले, "बाजार सोमवारी झाला नाही, म्हणून आता असा बंद पाडता होय? बाई, उचल ते. भरल्या बाजारात मढं आणून ठेवलंस. गिऱ्हाईक पळेल सगळं. चल, नीघ."

बुधी हलली नाही. "मालक, ती मेली न्हाई," एवढेच म्हणाली.

साहेब पुन्हा पोरीपाशी बसला. नळी लावलेली, आणि डोळ्यांतून पाणी वाहतेय. आपल्या देवाला म्हणाला, "प्रभू, दार मी लावले होते. चूक माझी आहे. शिक्षा हिला देऊ नकोस. मला ऐकू येऊ दे."

तेव्हा ओट्यावर महाराज उठले. घोंगडी झटकली, काठी उचलली आणि कातावून ओरडले, "गप्प बसा की रे! किती वटवट ती!"

आणि बाजार गप्प झाला.

माणसे गप्प झाली असती तर मी हे सांगत बसलो नसतो. धाकाने माणसे गप्प होतात. पण शेळ्या गप्प झाल्या. बैल उभे होते, माना हलत होत्या, घुंगरांचा आवाज नव्हता. कल्हईवाल्याचा हात खाली आला, भांड्यावर पडला, नाद उठला नाही. चिंचेवरचे कावळे चोच उघडून तसेच बसले. तान्ही पोरे आईच्या कडेवर डोळे मोठे करून बघू लागली. इनामदार बोलायला गेले, ओठ हलले, पण स्वतःचा शब्द त्यांच्या स्वतःच्याच कानी पडला नाही. त्यांनी गळ्याला हात लावून पाहिला. मागच्या माणसांकडे पाहिले. रावजी इनामदारांना भ्यालेले गावाने तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

त्या शांततेत साहेब नळीवर वाकलेला होता. किती वेळ, ते कोणी सांगू शकत नाही. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने हात वर केला आणि बुधीकडे पाहून मान हलवली. आहे. अगदी बारीक, थांबून थांबून, पण आहे.

त्याने औषध भरले, सुई टोचली. मार्थाबाईंनी हातपाय चोळायला घेतले, ऊन पाण्याची फडकी आणली. कोणी जागचे हलले नाही, अख्खा बाजार त्या एका ओसरीकडे तोंड करून उभा. ओठांवरचा काळा रंग हळूहळू उतरला. सोमीने एक उसासा टाकला, तोंड वेडेवाकडे केले आणि जोरात भोकाड पसरले. त्यासरशी शेळ्या ओरडल्या, घुंगरे वाजली, कावळे उठले, आणि बाया ढसाढसा रडू लागल्या.

लोक धावले ते महाराजांच्या पायांवर. महाराज आणखीच वैतागले. "दूर व्हा! अरे, मी रोजच ओरडतो. माझ्या ओरडण्यानं आजवर एक शेळी तरी गप्प बसली आहे का? ज्याला तो पोरगा रडून सांगत होता, त्यानं ऐकलं. आता हे माझ्या नावावर नका घालू." आता हे खरे मानायचे की महाराजांचा विनय, यावर आमच्या खेमाजी महाराजांच्या मठात आजही वाद होतात. मी त्यात पडत नाही. महाराज म्हणाले ते म्हणाले.

गर्दी बाजूला करीत इनामदार आले. पागोटे हातात होते. महाराजांपुढे वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. "इकडं कशाला? हसलास त्याला ना?"

इनामदार ओसरीकडे वळले आणि साहेबापुढे हात जोडून खाली वाकू लागले. तो बिचारा गडबडून उठला आणि बाजूला झाला. "मला नको," म्हणाला. "मी हिला दारातून परत पाठवले होते. मीच हिची क्षमा मागणार आहे." असे म्हणून तो स्वतःच बुधीपुढे गुडघे टेकून बसला.

बुधी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. भरल्या बाजारात इनामदारांनी, त्या साहेबाच्या शेजारी, ओसरीच्या मातीत कपाळ टेकले. बुधी दोघांकडे बघत राहिली. रागावली नाही, सुखावलीही नाही. तिला तेवढी सवड नव्हती. सोमी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होती.

"उठा, मालक," बुधी म्हणाली. "पोरीला पानी पायजे."

आणि रावजी इनामदार उठले. मागे दोन माणसे उभी होती, त्यांना त्यांनी काही सांगितले नाही. मार्थाबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि अनवाणी, बोडक्या डोक्याने, स्वतः आडावर पाणी शेंदायला गेले.