टोपीखालचे कान

एकदा एक तरुणी डेन्मार्कमधल्या एका छोट्या बेटावर, एका वृद्ध छायाचित्रकार बाईंकडे शिकायला राहिली. त्या बेटावर पूर्वी स्त्रिया डोक्याला एक खास टोपी घालत. आपल्याकडच्या बाळांच्या कुंचीसारखी, पण जाड अस्तराची, खळ घातलेल्या लेसची, कानांवरून उतरून हनुवटीखाली फितीने घट्ट बांधलेली. आजच्या मुलींना त्या टोप्या घालून त्यांचे चेहरे टिपायचे, असा शिष्येचा संकल्प होता. गावच्या सभागृहातली एक भिंत तिला मिळाली होती. मात्र बाईंच्या पसंतीवाचून तिथे काहीही लागणार नव्हते. मुदत रविवारची होती, आणि शुक्रवार उजाडला तरी बाईंना एकही चित्र पसंत पडले नव्हते.

त्या दिवशी मासळीच्या दुकानात काम करणारी मारेन आपल्या पणजीची टोपी घालून बसली होती. शिष्येने पणजीचा जुना फोटो तिच्यासमोर धरला.

"बघ, काय ताठा आहे नजरेत!" ती मोठ्याने म्हणाली. "तसाच आण. हनुवटी वर! अभिमान दिसू दे!"

"सकाळपासून अभिमानच दाखवतेय गं," मारेन कुरकुरली. "गिऱ्हाइकाने मासा शिळा म्हटलं की करते, तेच तोंड केलंय."

बाई इतका वेळ कोपऱ्यात बसून होत्या. त्या उठल्या, मारेनची टोपी सोडली आणि शिष्येच्याच डोक्याला बांधली. मग कॅमेऱ्यामागे उभ्या राहून अगदी हळू आवाजात काहीतरी बोलू लागल्या.

"काय म्हणालात, बाई?"

बाईंनी आवाज चढवला नाही. ओठ तेवढे हलत राहिले. शिष्या पुढे झुकली, त्या ओठांवर तिने डोळे रोखले. तेवढ्यात बाईंनी कळ दाबली.

पडद्यावरचा आपला चेहरा पाहून शिष्या चपापली. पणजीच्या फोटोतली तीच नजर!

"सांग आता, केवढा ताठा होता तुझ्या मनात?"

"ताठा कसला, बाई? तुमचं बोलणं ऐकू येईना, म्हणून..."

"माझी आजीही अशीच बघायची," बाई म्हणाल्या. "आम्हा पोरांना वाटे, रागावली. टोपीने कान झाकलेले, म्हणून ती नुसती नीट ऐकत असायची. तुझे जुन्यावर प्रेम आहे, हे मला दिसते. पण त्या प्रेमाच्या भरात तू या बायकांना देव्हाऱ्यात बसवलेस, आणि मारेनवर ओरडून हुकूम सोडत राहिलीस. तिला ऐकण्यासारखे काही सांगितलेसच नाहीस."

शिष्येने फीत सोडली आणि टोपी पुन्हा मारेनला बांधली. हनुवटीविषयी ती काही बोलली नाही. कॅमेऱ्यापाशी जाऊन तिने हलकेच विचारले, "पणजी कशी होती गं तुझी?"

मारेनने पुढे झुकून तिच्याकडे पाहिले.

रविवारी त्या भिंतीवर एकच चित्र होते, मारेनचे. समोर येणारा जो तो तिच्याशी काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडी, आणि मग ओशाळून हसे.