सात उंबऱ्यांची बाग

एकदा एक रस्ता रुंद करायचे ठरले आणि तालुक्याच्या गावातली सात घरे त्याच्या आड आली. घरे मातीची, चार पिढ्यांची. पण लाकूड अस्सल सागवान. चार दिवसांची नोटीस मिळाली, पाचव्या दिवशी यंत्र आले. पंचनाम्यात लिहिले गेले, 'निघालेले साहित्य: भंगार.' लिहिणाऱ्याला लाज वाटली नाही, कारण लाज वाटायला आधी त्या घरात कधीतरी पाणी प्यालेले असावे लागते.

रस्ता झाला. कडेला जमिनीचा एक चिंचोळा तुकडा उरला. तिथे बाग करायची आणि बाकडी त्या मोडक्या लाकडातूनच बनवायची, असे नगरपालिकेने ठरवले. खर्च वाचणार होता, शिवाय 'टाकाऊतून टिकाऊ' अशी पाटी लावता येणार होती.

काम गावातल्या वृद्ध सुताराकडे आले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांच्याकडे सोपान नावाचा शिष्य पाच वर्षे शिकत होता. मिस्त्रींना मोतीबिंदू काढायला लेकीच्या गावी जायचे होते. जाताना ते म्हणाले, "ही सात बाकडी तू एकट्याने कर. लोक टेकले की समज, तुझं शिक्षण संपलं. मग स्वतःचं दुकान थाट."

सोपानने जीव ओतला. माळ्याच्या फळ्या घासून पाठी केल्या, तुळया कापून पाय केले. बैठकीची पुढची फळी सर्वांत मजबूत हवी. ढिगात सातही घरांचे उंबरे होते: चार फुटांचे, मुरलेले, लोखंडासारखे घट्ट. त्याने तेच निवडले. एका उंबऱ्यावर घोड्याची नाल ठोकलेली होती, ती उपटून त्याने खिळ्यांची भोके भुसा आणि सरस कालवून बुजवली. त्याच्या लेखी ते आता उंबरे नव्हते, उत्तम सागवान होते.

उद्घाटन झाले, हार झाले, फोटो झाले. दुसऱ्या दिवसापासून बाग भरू लागली. पण बाकड्यावर कोणी बसेना.

त्या सात घरांतली माणसे गावाबाहेरच्या चाळीत गेली होती. संध्याकाळी ती बागेत येत, बाकड्यापाशी घुटमळत आणि शेजारी गवतात बसत. त्यांतल्या यमुनाआत्यांचे गुडघे धरलेले. खाली बसले तर उठवायला दोघे लागत, म्हणून त्या काठीवर भार देऊन तासभर उभ्याच राहत.

"आत्या, बसा की," सोपान म्हणाला. "रंग वाळलाय."

"नको बाबा. उभंच बरं वाटतं."

"उंची जास्त झाली का?"

"काम चांगलं आहे रे तुझं," म्हणून आत्यांनी तोंड फिरवले.

सोपानने पाय अर्ध्या इंचाने कमी केले. पॉलिशचा आणखी एक हात मारला. काही उपयोग झाला नाही. बागेचा कंत्राटदार मोटारसायकल न थांबवताच ओरडला, "काय सोपानशेठ, बाकडी केलीस की देव्हारे? लांबूनच नमस्कार करतायत लोक! सोमवारपर्यंत बघतो, मग सिमेंटची टाकतो. ही जातील वीटभट्टीत."

शनिवारी मिस्त्री परतले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बागेत येऊन त्यांनी पहिल्या बाकड्याच्या पुढच्या फळीवरून हात फिरवला. बुजवलेल्या भोकांपाशी बोट थांबले.

"हा उंबरा ना रे?"

"होय. सगळ्यांत भारी लाकूड तेच होतं."

"उंबऱ्यावर बसलास तर तुझी आई काय म्हणायची?"

लहानपणी या एका गोष्टीसाठी सोपानने किती वेळा पाठीत धपाटा खाल्ला होता! तो म्हणाला, "रंधा मारून पार सपाट करतो. नाहीतर उलटे बसवतो. कोणाला ओळखू येणार नाही."

"मला एका डोळ्यानं ओळखू आला. ज्यांनी जन्मभर ओलांडला, त्यांना येणार नाही? स्क्रू काढ."

सातही उंबरे निघाले. त्यांच्या जागी मिस्त्रींनी माळ्याच्या साध्या फळ्या बसवायला लावल्या. मग ते यमुनाआत्यांना घेऊन आले आणि कोणता उंबरा कोणाचा, घरे कोणत्या क्रमाने होती, ते विचारून घेतले. आत्या सांगत गेल्या, नालेच्या भोकांवर हात ठेवून म्हणाल्या, "हा आमचा." त्यानंतर मिस्त्रींनी कुदळ मागवली. प्रत्येक बाकड्यापुढे दोन हात अंतरावर ते चर खणू लागले, तळाला खडी पसरून एकेक उंबरा चार बोटे वर राहील असा जमिनीत बसवू लागले.

सोपानला राहवेना. "इतकं सागवान मातीत घालायचं? पुढे दार नाही, मागे घर नाही. बागेत उंबरा कशाला?"

मिस्त्रींनी हात झटकले.

"सोपान, लाकूड तू बरोबर ओळखलंस. पण लाकूड तर भंगारवालाही ओळखतो, वजनाने. टाकलेल्या वस्तूतून नवी करायची तर ती कोणी टाकली, हे आधी विचारावं. या माणसांनी हे टाकलं नव्हतं. त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. आणि तू काय केलंस? घर गेलेल्या माणसांना आणून त्यांच्याच दारात बसवलंस. दारात याचकाला बसवतात, लेका. घरच्या माणसाला आधी आत घ्यावं लागतं."

उरलेले दोन चर सोपानने स्वतः खणले.

रविवारी संध्याकाळी यमुनाआत्या आल्या. आपल्या उंबऱ्यापाशी बराच वेळ थांबल्या. मग वाकून त्यांनी बोटे लाकडाला लावली, कपाळाला लावली, लुगडे जरा उचलून उजवा पाय पलीकडे टाकला आणि बाकड्यावर बसल्या. गुडघ्यांवरून हात फिरवीत त्यांनी मोठा श्वास सोडला.

सोपान अलीकडे उभा होता. सोमवारचे, दुकानाचे, कंत्राटदाराचे, कशाचेच त्याला भान नव्हते.

आत्यांचे लक्ष गेले. "असा बाहेर का उभा? ये ना, आत ये."

सोपानने चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.