गाडीभर खत, ओंजळभर माती

एका डोंगरी संस्थानात रंभाजी नावाचा एक राजमाळी होता. त्याच्या हाताला गुण होता आणि तोंडाला जरा जास्तच होता. राजवाड्यातली भाजीची देठं, पागेतली लीद आणि बागेतला पालापाचोळा खड्ड्यात घालून चार महिन्यांत तो असं काळंभोर खत काढायचा की बघणाऱ्याला मूठभर घरी न्यावंसं वाटे. 'मी माती तयार करतो,' असं तो चारचौघांत सांगे. त्याची बाग तर इतकी लख्ख झाडलेली असायची की तिथे गळून पडायला पानालाही संकोच वाटावा.

वैशाख आला की मात्र त्याची बोलती बंद होई. वर्षातून तीनदा कुदळीने खणून मातीत कालवलेलं खत कुठे नाहीसं व्हायचं कोण जाणे. जमीन फिकी पडायची, भेगाळायची. दिवसातून दोन वेळा पाणी देऊनही मोगरा मान टाकायचा. मग रंभाजी पुढच्या वर्षी दुप्पट खत घालायचा, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा तेच व्हायचं.

एके वर्षी महाराज डोंगरावरच्या देवराईत पूजेला गेले. देवाच्या नावाने राखलेलं ते रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा जुना रिवाज होता. ऐन वैशाखात तिथली जमीन पायाला गार लागली. कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं. महाराज परतले ते थेट बागेत आले आणि रंभाजीला म्हणाले, "तुझं खत काळं, ती मातीही काळी. मग ओल तिथेच का? वर्षभरात तशी माती इथे करून दाखव. नाहीतर मी तिथलीच खणून आणवतो."

रंभाजीने छातीवर हात ठेवून हुकूम झेलला. त्याला वाटलं, यात काय मोठंसं आहे?

नमुना आणायला तो देवराईत गेला. तिथली राखण ठमाबाई नावाची एक म्हातारी करत असे. ओंजळभर माती द्यायला ती आधी तयारच होईना. शेवटी म्हणाली, उसनी ने, पण जेवढी नेशील तेवढी परत भर. रंभाजी मनात हसला. दुसऱ्याच दिवशी त्याने बैलगाडीभर खत आणलं. ओंजळीच्या बदल्यात गाडी म्हणजे म्हातारीची चंगळच, असं त्याला वाटलं. ठमाबाईने हिरड्याच्या झाडाखालची जागा दाखवली आणि म्हणाली, "हितं पसर. पुढल्या वैशाखात ये. फिटलं का ते तवा बघू."

वर्षभर रंभाजी खड्ड्यांमागे राबला. वैशाखात बाग पुन्हा भेगाळली. मडक्यात ठेवलेली देवराईची ओंजळ मात्र जशीच्या तशी होती, तिळभरही घटली नव्हती. मडकं घेऊन तो डोंगर चढला.

हिरड्याखाली खताचा मागमूस नव्हता. कुणीतरी उचलून नेलं, असं म्हणत तो ठमाबाईवरच उखडला. तिने गुडघे टेकले आणि वरची पानं हलकेच बाजूला केली. खाली एक काळा थर होता, नखाच्या कडेएवढा.

"तुजं खत म्हंजे मातीचं जेवान," ती म्हणाली. "किडंमुंगी, गांडूळ, बुरशी, समदी त्यावर जेवत्यात. समद्यांचं खाऊन-पचवून जे उरतं, ते ह्ये. ह्याला आता कुनी खात न्हाई. म्हून ते टिकतं, आन् पानी धरून ऱ्हातं."

पुस्तकातली माणसं त्याला ह्यूमस म्हणतात. ठमाबाईला ते नाव ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

रंभाजीने त्या मातीत हात घातला. बोटं गेली, मनगट गेलं, हात कोपरापर्यंत आत गेला, तरी खाली काळं आणि गारच लागत होतं. एका वर्षाला नखाची कड. मग बोटांपाशी त्याच्या आजाचा काळ होता. मनगटापाशी संस्थानाच्या गडाचा पहिला चिरा अजून बसायचा होता. आणि कोपरापाशी त्या डोंगराला नाव देणारंही कुणी जन्मलं नव्हतं. एवढ्या काळात आपण हात घालून बसलो आहोत, हे कळलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. आपण ओंजळीत काय उचलून नेलं होतं, ते त्याला तेव्हा उमगलं. त्याने मडकं तिथेच रितं केलं आणि माती हाताने सारखी केली.

तेवढ्यात गाड्यांची खडखड ऐकू आली. वर्ष भरलं होतं. महाराज स्वतः खणकऱ्यांना घेऊन आले होते. रंभाजी गप्प राहिला असता तर देवराईच्या मातीवर बाग फुलली असती आणि वाहवा त्याचीच झाली असती. त्याने पागोटं उतरवलं आणि तो खणकऱ्यांच्या आडवा उभा राहिला.

"महाराज, मला माती करता येत न्हाई. मला निस्तं खत करता येतं."

मग त्याने महाराजांना एवढंच विनवलं, की कुदळ लावण्याआधी आपला हात लावून पाहावा. महाराज खाली बसले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. त्यांचा आवाज अगदी खाली आला. "ही कुणी केली?"

"कुनी न्हाई," ठमाबाई म्हणाली. "कुनी खनली न्हाई, म्हून झाली."

गाड्या रिकाम्या परतल्या.

रंभाजीने बागेतली झाडलोट बंद केली. कुदळ टांगून ठेवली. पडलेलं पान जागेवरच राही आणि खत वरूनच पसरलं जाई. लोक नावं ठेवत, राजमाळी आळशी झाला म्हणत. महाराज हसत आणि रंभाजी ऐकून घेई. बाग एका वर्षात काही देवराई झाली नाही, पण मोगऱ्याला दोनदाऐवजी एकदा पाणी पुरू लागलं.

म्हातारपणी एका सकाळी त्याने मोगऱ्याखालची पानं हळूच उचलून पाहिली. खाली काळा थर होता, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. त्याचे डोळे भरून आले. त्याने कुणालाही हाक मारली नाही. पानं होती तशी पुन्हा पांघरून ठेवली.

तात्पर्य: खत माणसाच्या मेहनतीने होतं, पण जमिनीत टिकणारं सत्त्व काळच घडवतो, म्हणून आपण घालत राहावं, थांबावं, आणि जे घडवता येत नाही त्यावर कुदळ उचलू नये.